जुनी पोलो, लिनिया, डस्टर, ऑक्टाव्हिया: खान्देशात घेताना आणि सांभाळताना

दोन-अडीच लाखांत वॅगन-आर घ्यायची की त्याच पैशात स्कोडा रॅपिड, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या गाडीबाजारात रोज कुणीतरी विचारतं. उत्तरही ठरलेलं असतं: ‘युरोपियन गाडी म्हणजे पांढरा हत्ती, घेऊ नका.’ म्हणूनच या गाड्या स्वस्त मिळतात. दरवाजा बंद करतानाचा आवाज, महामार्गावर शंभरच्या वेगात रस्त्याला चिकटून राहणं, जाड पत्रा, या गोष्टी त्या किमतीत दुसरीकडे मिळत नाहीत. बदनामी मात्र अगदीच खोटी नाही. गाडी स्वस्त मिळते त्याचं मोठं कारण म्हणजे आधीच्या मालकाने टाळलेली कामं, आणि ती तुमच्या नावावर चढतात. म्हणून हिशेब गाडीच्या किमतीचा नको, किंमत अधिक पहिल्या दोन महिन्यांतलं काम असा करा. अडीच लाखांची गाडी बघत असाल तर सत्तर-ऐंशी हजार वेगळे बाजूला काढा. ते निघत नसतील तर वॅगन-आरच बरी.

आधी इंजिन निवडा, मग बोधचिन्ह

खान्देशात गाडी टिकते ती जवळ कोण दुरुस्त करू शकतं यावर. पुण्यात राहणाऱ्याला जी गाडी चालते ती शहाद्याला किंवा रावेरला चालेलच असं नाही.

सगळ्यात सोपं इंजिन फियाटचं १.३ मल्टीजेट डिझेल. पुंटो आणि लिनिया (दोन्ही भारतात २००९ पासून) यांत ते आहे, आणि त्याचे भाऊबंद स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, मांझामध्ये धावले. त्यामुळे त्याचं पोट उघडलेला मिस्त्री चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर कुठेही सापडतो. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवायला, चेन आहे, बेल्ट नाही. पण ही चेन ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते. ऑइल साधारण तीन-सव्वातीन लिटरच बसतं. त्यातलं लिटरभर कमी झालं किंवा ते वीस हजार किलोमीटर तसंच ठेवलं, की सकाळच्या स्टार्टला खडखड सुरू होते. फियाटची अडचण इंजिनात नाही, बॉडीपार्टमध्ये आहे. हेडलाइट, बंपर, दरवाजाचं लॉक, डॅशबोर्डचं प्लास्टिक हे शोधत बसावं लागतं. समोरून ठोकलेली पुंटो कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

दुसरं रेनॉचं १.५ डीसीआय, म्हणजे के९के. डस्टर (२०१२ पासून), लोगान, नंतरची महिंद्रा व्हेरिटो, निसान सनी आणि टेरानो, सगळ्यांत हेच कुटुंब. व्हेरिटो टॅक्सीत भरपूर चालल्यामुळे सुटे भाग आणि हात दोन्ही मिळतात. टायमिंग बेल्ट आहे. डस्टरचं सस्पेन्शन शेतरस्त्याला आवडेल असं. इंजेक्टरला मात्र खराब डिझेल अजिबात सोसत नाही.

मग फोक्सवॅगन-स्कोडा. पोलो आणि व्हेंटो २०१० पासून, रॅपिड २०११ पासून. यातलं १.६ एमपीआय पेट्रोल साधं आणि चेनवालं. २०१४ पासूनचं १.५ टीडीआय डिझेल दमदार, पण बेल्टवालं आणि ड्युअल मास फ्लायव्हीलवालं (इंजिन आणि क्लचच्या मधलं, धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक). त्याआधीचं तीन सिलिंडरचं १.२ टीडीआय थरथरतं. ते स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये. बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यावर २०२० मध्ये या गाड्यांतलं डिझेल बंदच झालं, म्हणून चांगल्या १.५ टीडीआयला मागणी टिकून आहे.

पहिली ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआयवाली, इंजिनाच्या बाबतीत अजूनही दणकट. पण आता त्या सगळ्या पंधरा वर्षांपलीकडच्या. घ्यायची तर हौस म्हणून घ्या, रोजच्या जळगाव-भुसावळ फेऱ्यांसाठी नाही.

आणि सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पोलो जीटी टीएसआय, डिझेल ऑटोमॅटिक रॅपिड आणि व्हेंटो यांत तो येतो. चालवायला मजा, पण त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि क्लच गर्दीतल्या सरपटण्याने आणि उष्णतेने थकतात. दुरुस्तीसाठी नाशिक किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, आणि बिल गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ शकतं. कामाची पावती हातात नसेल तर अशी गाडी बघायलाही जाऊ नका. स्कोडा लॉरातला सहा गिअरचा ऑइलमधला डीएसजी त्यापेक्षा सोशिक, पण त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदललेलं हवं. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं विकणारा म्हणाला तर समजा ते कधीच बदललेलं नाही.

कागद

गाडी बघण्याआधी नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाका. कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलनं, विम्याची मुदत, पासिंगची तारीख कळते. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच-१८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) पासिंग असेल तर सोपं. सुरत किंवा बुऱ्हाणपूरची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र), नवीन नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा. तो किती बसेल हे आरटीओत विचारूनच भाव करा.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह वेगळाच. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून तिथल्या लॉरा, सुपर्ब, व्हेंटो ट्रेलरने इकडे येतात. गाड्या बऱ्याचदा कोरड्या हवेतल्या, स्वच्छ असतात. पण एनओसी, कर, वाहतूक आणि एजंट धरून हिशेब केला की फायदा बराच आटतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर नूतनीकरणाला फिटनेस तपासणी, हरित कर आणि शुल्क लागतं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्कच ५,००० रुपये झालं. १३-१४ वर्षांची गाडी घेत असाल तर हे आत्ताच किमतीतून वजा करून मागा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी (सक्तीची सुरक्षित नंबरप्लेट) बसली आहे का, तेही बघा. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी खरेदीपासून १४ दिवस असतात. हे काम लोक हमखास विसरतात आणि अपघातानंतर आठवतं.

फोक्सवॅगन गटाच्या जुन्या डिझेलबद्दल आणखी एक. धुराच्या चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला होता. चॅसी नंबरवरून अधिकृत वर्कशॉप सांगू शकतं की त्या गाडीचं काम झालं की नाही. त्याच फोनवर कंपनीतल्या सर्व्हिसची नोंदही विचारून घ्या.

गाडी तपासणं: थंड इंजिनपासून सुरुवात

१. सकाळी जा, आणि पोहोचण्याआधी गाडी सुरू करू नका असं सांगून ठेवा. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने काहीतरी झाकलंय. दुसऱ्या दिवशी या.

२. सुरू करण्याआधी कूलंटची टाकी बघा. फोक्सवॅगन-स्कोडात गुलाबी किंवा जांभळट कूलंट हवा. तपकिरी गाळ दिसला तर कुणीतरी हिरवा कूलंट मिसळलाय. कडेला पांढरा क्षार जमला असेल तर बोअरचं पाणी ओतलेलं आहे. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटर आणि हीटर कोअर आतून भरत जातात, आणि हे रोज दिसत नाही, मे महिन्यातच दिसतं.

३. स्टार्ट केल्यावर पहिली पाच सेकंदं कान द्या. चेनवाल्या इंजिनात खडखडाट दोन सेकंदांत थांबला तर ठीक, त्यापुढे चालला तर चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. डिझेलमध्ये क्लच दाबून सोडा. सोडल्यावर खळखळ आणि दाबल्यावर शांत असेल तर बेअरिंग किंवा फ्लायव्हील. इंजिन बंद करताना ‘धाड्’ असा धक्का बसला तर ड्युअल मास फ्लायव्हील संपलंय असं धरा. क्लच सेटसोबत ते आलं की बिल पाच आकडी होतं.

४. ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना उघडा. धुराचे झोत जोरात येत असतील तर रिंगा गेल्यात. टर्बोच्या पाइपांवर थोडी ऑइलची ओल चालते, टपकणं चालत नाही.

५. आता स्कॅनर लावा. ही पायरी टाळू नका, आणि साधा कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर पुरेसा नाही. फोक्सवॅगन गटासाठी व्हीसीडीएस किंवा तत्सम, सगळे कंट्रोल युनिट वाचणारं हवं. या गाड्यांत फॉल्टसोबत तो कितव्या किलोमीटरला आला हेही बऱ्याचदा साठवलेलं असतं. मीटर ७८ हजार दाखवतंय आणि दरवाज्याच्या युनिटमधला जुना फॉल्ट १ लाख १२ हजारला नोंदलेला आहे, असं दिसलं की मीटर मागे फिरवलेलं आहे. त्यापुढे बोलणी नको. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. ‘फक्त ४० हजार चाललीय’ म्हणणाऱ्या २०१५ च्या गाडीवर तिसरा सेट टायर असेल तर विचारा.

स्कॅन करताना दहा-बारा कोड निघाले म्हणून लगेच घाबरूही नका. बॅटरी मेलेली असली की स्टेअरिंग, एबीएस, एअरबॅग सगळेच दिवे पेटतात. उभ्या गाडीत बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली, किंवा इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ च्या बाहेर असेल तर आधी तेवढं सुधारा, कोड पुसा आणि पुन्हा चालवून बघा. इंजिन-बॉडीमधली अर्थची पट्टी सैल किंवा गंजलेली असेल तरी हाच तमाशा. कंट्रोल युनिट बदलायला लावणारे मिस्त्री ही पट्टी क्वचितच बघतात.

६. पाणी शिरलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ असते. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू, एसी लावल्यावर कुबट वास, यातलं एक जरी असेल तर उठा. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून समोरच्या सबफ्रेमचा गंज बघा. खान्देशातल्या गाडीत गंज कमी, चेंबरवरचे (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यावरचे) ठोके जास्त.

७. चाचणी दुपारी घ्या, एसी लावून, निदान तीस-चाळीस मिनिटं. आधी गावात रेंगाळत, मग मोकळ्या महामार्गावर, शेवटी दहा मिनिटं उभी ठेवून एसी चालू. पंख्याला दोन वेग असतात. पहिला वेग गेलेला असेल तर गाडी चालताना थंड हवा येते आणि सिग्नलला गरम. गॅस भरून हे सुटत नाही. पोलो-व्हेंटोत आतली कूलिंग कॉइल गळण्याचं प्रमाण ओळखीचं आहे, आणि तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरतो’ असं मालक सहज बोलून गेला की तेच समजा.

खड्ड्यातून नेताना पुढून ‘टक-टक’ आला तर लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. हे स्वस्त काम आहे, भाव पाडायला चांगलं निमित्त, गाडी नाकारायला नाही.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

मागच्या मालकाने काल काय केलं यावर विश्वास ठेवू नका. पावती असलेलं काम तेवढं झालं असं धरा.

टायमिंग बेल्टवाल्या इंजिनात बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल तर मीटरवर कितीही आकडा असो, बदला. फक्त पट्टा नाही. टेन्शनर, आयडलर आणि वॉटरपंप, पूर्ण किट. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. कॉन्टीटेक, गेट्स, आयएनए यांचे किट चांगले. बाजूच्या दुकानात खुल्या पाकिटात मिळणारा पट्टा घेऊ नका.

ऑइल. इथे सगळ्यात जास्त गाड्या मरतात. गॅरेजमधल्या बॅरलमधलं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ट्रॅक्टरला ठीक आहे, टीडीआयला नाही. फोक्सवॅगनच्या डिझेलला डब्यावर ५०५.०१ किंवा ५०७.०० ही मान्यता छापलेली हवी, पेट्रोलला ५०२.०० किंवा ५०४.००. के९केला रेनॉचं आरएन०७१० मानांकन असलेलं ५डब्ल्यू-४०. ‘सिंथेटिक’ एवढा शब्द पुरत नाही. टीडीआयला साधारण सव्वाचार लिटर लागतं, त्यामुळे पाच लिटरचा डबा घ्या आणि उरलेलं डिकीत ठेवा. कंपनीच्या पुस्तकात १५ हजार किलोमीटर लिहिलेलं असलं तरी आपल्या धुळीत आणि उन्हात १० हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

कूलंट पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, मग निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. छोट्या इंजिनांत एकूण पाच-सहा लिटर जातं. हवा काढताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा. कूलंटच्या टाकीचं झाकण जुनं असेल तर तेही बदला. दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅट काढून टाकणारा मिस्त्री भेटला तर त्याच्याकडून गाडी परत घ्या. त्याने तापणं कायमचं थांबत नाही, डिझेल मात्र जास्त जातं.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर एकदम बदला. ब्रेक ऑइल डॉट-४, दर दोन वर्षांनी. फियाटमध्ये ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅसकेट गळतं का ते इथेच बघून घ्या.

आणि चेंबरखाली लोखंडी गार्ड बसवा. फोक्सवॅगनचा चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा, शेतरस्त्यावरच्या एका दगडाने फुटतो. ऑइलचा लाल दिवा लागला की गाव दोन किलोमीटरवर असलं तरी इंजिन बंद करा. त्या दोन किलोमीटरचा खर्च पूर्ण इंजिन असतो.

इथल्या ऋतूंप्रमाणे

होळीच्या आधी: रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीतली धूळ आणि कपाशीचं तूस काढा. प्रेशर वॉशरने समोरून जोरात मारू नका, पाती वाकतात. आतून बाहेर, हलक्या पाण्याने. पंख्याचे दोन्ही वेग तपासा. भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा ही फट भरलेली गाडी आधी एसी बंद करते, मग तापते. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर मार्चमध्येच बदला. टायरमधली हवा सकाळी थंड असताना, दरवाजाच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरा. ‘उन्हाळ्यात दोन पॉइंट कमी ठेवायची’ ही पद्धत उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि महामार्गावर फुटतो.

मृगाच्या आधी: वायपरखालची प्लास्टिक जाळी उचला. तिथे निंबाचा पाला साठतो आणि पाणी जाण्याची भोकं बुजतात. ऑक्टाव्हिया-लॉरात हे पाणी ब्लोअरमधून थेट पायाखाली येतं, आणि गालिच्याखालच्या वायरिंगचे सांधे हिरवे पडतात. सनरूफ असेल तर त्याच्या चार नळ्या पातळ नायलॉनच्या दोरीने मोकळ्या करा. हवेचा झोत मारू नका, नळी आतल्या आत सुटते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एअर फिल्टर महिन्यातून एकदा झटका. गाडी शेतात किंवा गोठ्याजवळ उभी राहत असेल तर आठवड्याला बॉनेट उघडा. उंदरांना वायरिंग आवडतं.

डिझेलबद्दल वेगळं. ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल अडीअडचणीलाही कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाडीत घालू नका. ड्रममध्ये पाणी आणि गंज असतो. सगळ्या इंजेक्टरचा हिशेब त्या वीस लिटरपेक्षा फार मोठा आहे. पेट्रोलमध्ये आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल) आहे. जुन्या गाड्यांचे रबरी इंधन पाइप वर्षातून एकदा वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला.

डिकीतला डबा

भाग यायला दोन-तीन दिवस ते आठवडा लागतो, म्हणून लवकर जाणाऱ्या वस्तू आधीच मागवून ठेवा: एक इग्निशन कॉइल आणि प्लग (पेट्रोलला), एक डिझेल फिल्टर, कूलंट टेम्परेचर सेन्सर, अल्टरनेटरचा बाहेरचा पट्टा, फ्यूज, लिटरभर योग्य ऑइल, लिटरभर तयार कूलंट, मागच्या दरवाजाच्या काचेची प्लास्टिक क्लिप. नंबर बघून मागवा, ‘पोलोची कॉइल’ असं सांगून नाही. एकाच वर्षाच्या दोन पोलोंमध्ये भाग वेगळे निघतात. दुकानदाराला चॅसी नंबर पाठवा. बॉश, माहले, मान, वॅलिओ, ल्युक, लेमफर्डर, साख्स ही नावं कंपनीच्या डब्यातही असतात आणि बाहेर स्वस्त मिळतात. बंपर, लाइट, ग्रिल भंगारातलं चालेल. बेल्ट, ब्रेक, सस्पेन्शन भंगारातलं नको.

गावातला मिस्त्री तोडू नका. ब्रेक, बुश, क्लच, सर्व्हिस तो करू शकतो, फक्त टॉर्कचे आकडे आणि ऑइलचा डबा तुम्ही द्या. डीएसजी, इंजेक्टर कोडिंग, एअरबॅग यासाठी मात्र नाशिक किंवा संभाजीनगरचा स्वतंत्र युरोपियन तज्ज्ञ शोधा आणि दोन्ही ठिकाणच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. विकताना ही फाइल दाखवली की ‘हत्ती’ म्हणून नाक मुरडणाऱ्यालाही भाव देताना जरा विचार करावा लागतो. आणि एखाद्या दिवशी मेकॅट्रॉनिक किंवा टर्बोसह पूर्ण इंजिनाचं कोटेशन गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर आलं, तर दुरुस्त करून विकण्याच्या नादी लागू नका. आहे तशी, दोष सांगून, फाइलसह विका. डब्यातले भाग घेणारा दुसरा पोलोवाला गावात असतोच.